ऐनाच्या खांबातला खिळा

फोन माझ्या बायकोनं घेतला. मी ऐरणीसमोर बसून वखराची पास, म्हणजे खालचं पातं, ठोकत होतो. लोखंड लाल होतं, आणि लाल लोखंड टाकून लोहारानं उठू नये, ही माझ्या बापाची शिकवण. काशी फोन पदरात धरून दारात येऊन उभी राहिली. मी दोन घाव घातले, तिसरा घालताना तिच्या तोंडाकडे पाहिलं. "गेल्या?" मी विचारलं. तिनं मान हलवली. सांडशीतली पास हातातल्या हातात निवत गेली... लाल, मग तांबूस, मग काळी. साठ वर्षांत असं लोखंड मी कधी वाया जाऊ दिलं नव्हतं. दीड महिना झाला त्याला. ती पास अजून तशीच पडली आहे, अर्धी ठोकलेली. ज्याची आहे तो दोनदा येऊन गेला.

सुमनबाई चंद्रपूरच्या एका कॉलेजात दगडमातीचं शास्त्र शिकवत. त्यांच्याविषयी शिकलेली माणसं लिहितील, त्यांनी लिहावं. मी पोंभुर्ण्याकडच्या एका गावातला लोहार, चौथी पास, तीही मास्तरच्या कृपेनं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत बाईंवर दोन शब्द लिहा म्हणून निरोप आला तेव्हा आधी नाही म्हटलं. मग वाटलं, बाईंबद्दल एक गोष्ट फक्त मला आणि काशीला माहीत आहे, आणि आम्ही दोघंही पिकलेली पानं. ती गोष्ट बाईंना सांगायची होती. नऊ वर्षं सांगायची होती. आता ज्यांना सांगून काही उपयोग नाही त्यांना सांगतो आहे, एवढंच.

बाई आमच्या गावात पहिल्यांदा आल्या, त्याच्या आदल्या वर्षी माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कडेचा धुरा बांधताना कुदळ एका दगडाला अडली. सोललेल्या नारळाएवढा असेल. उचलायला गेलो तर हात खाली ओढला गेला. एवढासा दगड एवढा जड नसतो, आणि लोखंड म्हणावं तर एवढं गचाळ नसतं. वरून नुसता तांबडा गंज. घरी आणला, घणाखाली घेतला. घण तीनदा उडाला, चौथ्या घावाला दोन तुकडे झाले. एक मुठीएवढा, दुसरा त्याच्या दुप्पट. आत पाहतो तर गुळाच्या चिक्कीत शेंगदाणे बसावेत तसे पांढऱ्या लोखंडात हिरवे-पिवळे खडे बसलेले. मोठ्या तुकड्यात एका बाजूनं खडे विरळ होत गेले होते आणि टोकाला नुसतं लोखंड होतं, घट्ट. लोहाराची जात... ते टोक पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू.

माझा बाप म्हणायचा, न ऐकणारं लोखंड जगात नाही, न ऐकवणारा लोहार असतो. मी मोठा तुकडा भट्टीत घातला. काशी भात्यावर होती. थोड्या वेळानं पोरांच्या टिकल्यांचा येतो तसा गंधकाचा वास सुटला. मग खडे फुटू लागले. फुटाण्यासारखे उडत होते, एक माझ्या कपाळाला लागला, त्याचा डाग अजून आहे. काशीनं भाता थांबवला.

"पुरे करा आता. ते ओरडून राह्यलं."

"लोखंड ओरडते काय कधी? मार भाता."

तिनं मारला. मी तो लाल गोळा ऐरणीवर घेतला आणि घण घातला, तर शिळ्या भाकरीसारखा चुरा झाला. पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला. खडे काळे-तांबडे पडून गळून गेले. अर्ध्या दिवसाच्या मेहनतीनंतर त्या घट्ट टोकाचा बोटभर तुकडा तेवढा माझं ऐकायला तयार झाला. त्याचा मी ओढून ओढून एक लांब खिळा केला. डोकं चपटं, अंग चौकोनी. दुकानाच्या मधल्या ऐनाच्या लाकडाच्या खांबात आरपार ठोकला आणि मागून टोक वळवून दाबून टाकलं. चार लोकांना बोलावून दाखवला. म्हटलं, पाहा, दगडातून खिळा काढला. बाकीचा चुरा राखेसोबत उकिरड्यात गेला, आणि उकिरडा शेतात. लहान तुकडा राहिला तो पाण्याच्या रांजणाला टेकू म्हणून लावला.

बाई आल्या त्या पाणी प्यायला. सोबत कॉलेजातली चार-पाच पोरंपोरी होती, नाल्याचे खडक पाहायला आलेली. मध्यम बांधा, पायात कापडी बूट, डोक्याला गमछा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवी उतरवली आणि समोर दिसला त्या खिळ्याला अडकवली. गडवा तोंडाला लावला, आणि तसाच खाली घेतला. रांजणापाशी उकिडव्या बसल्या. त्या टेकूवरून बोट फिरवलं, पाण्यानं धुतला, खिशातलं भिंग काढून लावलं. भिंग सरकवत सगळा दगड पाहिला. पोरी हसत होत्या त्याही जवळ येऊन वाकल्या.

"भाऊ, हा कुठला?"

"माह्या बांधीतला. काऊन?"

"मी नेऊ का? परत आणून देईन. तपासायला लागेल तेवढं ठेवून घेऊ."

"न्या ना. रांजण काय, दुसऱ्या दगडावर उभा राहते."

तीन महिन्यांनी आल्या, पुन्हा पोरं घेऊन. मला वाटलं होतं विसरल्या असतील. येताना त्यांनी त्या दगडाची एक चकती कापून, घासून आणली होती, पापडापेक्षा जराशी जाड. दारात जाऊन उन्हाकडे धरली आणि मला बोलावलं. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, ताजं तेल उन्हात दिसतं ना, तसा उजेड त्या खड्यांतून आरपार येत होता. लोखंडाच्या काळ्या चौकटीत पिवळी-हिरवी काचच बसवलेली. माझ्या रांजणाखाली वर्षभर चिखलात पडलेला दगड... मी हात जोडणार होतो, पण पोरं पाहत होती म्हणून नाही जोडले.

"हे आकाशातून पडलेलं आहे," बाई म्हणाल्या. "भाऊ, भट्टीत लोखंड पातळ झालं तर त्याचा मळ, ते कीट, कुठं जातं?"

"वर येते. हलकं असते ते."

"झालं तर मग. सूर्य नवा होता तेव्हाचा एक ग्रह समजा. चंद्राहूनही लहान. तो आतून तापला आणि वितळला. जड लोखंड पोटात उतरलं, हलका दगड वर राहिला. तुमच्या भट्टीतलाच कारभार, फक्त मोठा."

मी विचार केला. "मंग बाई, हे दोन्ही एका जागी काऊन? खडे वर निघून जाले पाहिजे होते. भट्टीत मी कीट आणि लोखंड असं मिसळलेलं कधी पाह्यलं नाई."

बाई पोरांकडे वळल्या. "ऐकलं? तीन वर्षांत तुमच्यातल्या एकानं हा प्रश्न विचारला नाही." नंतर मला म्हणाल्या, "हेच भल्याभल्यांना अजून सुटलेलं नाही, भाऊ. काहींचं म्हणणं, लोखंडाचं पोट आणि वरचा दगड जिथं एकमेकांना भिडतात तिथला हा तुकडा. काही म्हणतात, छे, दुसरा एखादा ग्रह येऊन आदळला आणि त्या धक्क्यात पातळ लोखंड दगडात शिरलं. दगड तेवढाच, लोखंड तेवढंच, पण गोष्टी दोन."

मग त्यांनी चकतीवरचं लोखंड दाखवलं. तेजाबानं धुतल्यावर त्यावर पट्ट्या उठल्या होत्या, एकमेकींना छेदत गेलेल्या, बुरडानं विणलेल्या चटईसारख्या. ही नक्षी कोणी कोरलेली नाही म्हणाल्या. निकेल असलेलं लोखंड अतिशय सावकाश निवलं तर ती आपोआप वाढते. किती सावकाश? एक अंश उतरायला हजारो वर्षं, कधी लाखो. पट्टी किती रुंद आहे ते मोजून आणि तिच्यातलं निकेल तपासून सांगता येतं, तो ग्रह किती हळू निवला, हे लोखंड त्याच्या पोटात किती खोल होतं.

हे मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. आमचा धंदाच तो. लाल फाळ पाण्यात बुडवला तर कडक होतो, राखेत गाडून ठेवला तर नरम. मी पोरांसमोर जरा ताठ बसलो आणि म्हटलं, "लोखंड कसं निवलं ते लोखंड विसरत नाई. मोडून पाह्यलं तर आतला दाणा सांगते. पण एकदा पुन्हा लाल केलं, की मागचं सगळं पुसलं."

"अगदी बरोबर!" बाईंना एवढा आनंद झाला. "लिहून घ्या रे हे. म्हणूनच याला आग दाखवायची नसते. एका दुपारीत लाखो वर्षांचं जाईल."

माझ्याच तोंडून निघालं होतं ते. बाईंनी नुसतं खाली रेघ ओढली. काशी दाराशी गडवा घेऊन उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि तेव्हाच बाईंनी विचारलं, "भाऊ, तुमच्या दगडाची एक बाजू ताजी फुटलेली होती. त्या बाजूला खडे कमी होत जातात. दुसरा तुकडा असेल ना? मला वाटतं त्यात दगड संपून नुसतं लोखंड सुरू होत असेल. ती सीव, म्हणजे दोघांमधली हद्द, सापडली तर दोन गोष्टींतली खरी कोणती याचा काहीतरी पत्ता लागेल. कुठं आहे तो?"

दुकानात पोरं होती. दारात गावातली दोघं-तिघं येऊन उभी राहिली होती, ज्यांना मी खिळा दाखवला होता तीच. आताच मी सगळ्यांना लोखंड शिकवलं होतं. "जाळला" म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं, "नाल्यात फेकला." त्या दोघा-तिघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. गावात माझ्या शब्दावर शब्द ठेवायची रीत नव्हती... एरवी मला त्याचा अभिमान होता.

त्या दिवसापासून बाई तो नाला शोधू लागल्या. धान कापून झालं, नाल्याचं पाणी उतरलं, की हिवाळ्यात तीन-चारदा त्या एसटीनं यायच्या. वेळूच्या काठीला टोकाशी एक जाडं चुंबक बांधलेलं. काठी दुकानात आणत नसत, माझ्या दुकानात लोखंडाचा भुसाच भुसा, चुंबकाला मिशा फुटतात म्हणायच्या. ती बाहेर कुंपणाला टेकवून आत यायच्या, पिशवी खिळ्याला अडकवायच्या, काशीच्या हातचा काळा चहा घ्यायच्या, आणि मग आम्ही दोघं निघायचो. वाघाच्या भीतीनं दहाच्या आधी नाल्यात उतरायचं नाही आणि चारला वर यायचंच. वाळूवर काठी फिरवत त्या पुढं आणि मी मागं. चुंबकाला बैलाची नाल लागायची, बैलबंडीचा खिळा, एकदा हरवलेला विळा लागला. बाई प्रत्येक वेळी खाली बसून पाहायच्या. प्रत्येक वेळी. मी वरून पाहत उभा.

"भाऊ, तुम्ही नेमका कुठून फेकला?"

"असाच... त्या जांभळीपासून."

एकदा खोटं बोललं की जागासुद्धा दाखवावी लागते. दरवर्षी मी तीच जांभूळ दाखवायचो. गावातले विचारायचे, "काऊन लटारूभाऊ, सापडलं का बाईचं सोनं?" मी दटावायचो. कारण त्यांच्यातल्या काहींना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं.

काशी एकटी स्पष्ट बोलायची. "सांगून टाका ना तिले. बाई गुडघे घासून राह्यली तुमच्यापायी. तिची कमर पाह्यली का?"

"पुढच्या वेळी सांगतो."

"तुमची पुढची वेळ म्हातारी झाली."

एका हिवाळ्यात बाई पिशवी काढता काढता थांबल्या. खिळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "काय हो भाऊ, नऊ पावसाळे पाहिले याने, बाकीचे तुमचे खिळे लाल झाले. हा जेमतेम काळवंडला. कसलं लोखंड वापरलंत?" सांगायची याहून चांगली वेळ कोणती येणार होती? देवानं ताटात वाढून दिली होती. आणि मी काय बोललो... "लोखंडाचं काय हो बाई, माहं पाणी आहे ते. लोहाराच्या हाताचा गुण." बाई हसल्या. "खरं आहे," म्हणाल्या, "हात तुमचा चांगलाच आहे." आणि पिशवी खांद्याला लावून नाल्याकडे निघाल्या. काशी त्या दिवशी भात्यावर बसली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तो त्यांचा शेवटचा हिवाळा. उन्हाळ्यात आजारी पडल्याचं कळलं. पोटाचं दुखणं, डॉक्टरांनी हात टेकलेले. लग्न केलं नव्हतं बाईंनी, भाची वर्षा पाहायला होती. मी चंद्रपूरला गेलो. एसटीत सगळं वाक्य जुळवून ठेवलं होतं, फक्त तोंडातून बाहेर टाकायचं होतं. पाहतो तर बाई पलंगावर एवढ्याशा झालेल्या, हाताच्या काड्या. खिडकीत तीच चकती उभी केलेली होती आणि तिचा हिरवट उजेड चादरीवर पडला होता. दिवस सरकेल तसा तो सरकतो, तेवढंच पाहते मी, म्हणाल्या.

"बाई, तो दुसरा तुकडा..." मी सुरुवात केली.

त्यांनी माझा हात धरला. "मी तेच बोलणार होते. जांभळीच्या खालचं वळण आपलं राहिलंच. पुराचं पाणी तिथं जड वस्तू टाकून जातं. येत्या हिवाळ्यात तुम्ही एकदा पाहाल? मला बरं वाटेल... कोणीतरी शोधतंय म्हणून."

सांगा, काय बोलायला पाहिजे होतं? मला अजून समजत नाही. मरणाऱ्या माणसाच्या हातातून तेवढी एक गोष्ट काढून घ्यायची, की खोट्यावर खोटं ठेवायचं? लोक म्हणतील, दया केली म्हाताऱ्यानं. मी माझ्यापुरतं सांगतो, त्यात दया किती होती आणि भीती किती, ते मलाच वेगळं करता येत नाही. कीट आणि लोखंड माझ्याही आत तसंच मिसळून बसलं आहे. मी म्हटलं, "पाहीन, बाई." त्यांनी डोळे मिटले. वर्षा चहा घेऊन आली, मी न पिताच उठलो.

मागच्या आठवड्यात वर्षा गावात आली. आत्याची आठवण म्हणून तिची पिशवी आम्हाला द्यायला. मी तिला दुकानात बसवलं आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात, काशीसमोर. भट्टी, खडे, चुरा, खिळा, जांभूळ. ती पोर ऐकत राहिली. बँकेत नोकरी करते ती. शेवटी म्हणाली, "आजोबा, मले यातलं काहीच कळत नाही. आता मले सांगून मी काय करू?" तिचंही बरोबर होतं. नंतर तिनं आत्याच्या एका विद्यार्थ्याला फोन लावून माझ्या हाती दिला. तो भला माणूस, आवाज न चढवता बोलला. खिळ्यात निकेल सापडेल, तेवढी ओळख पटेल. पण नक्षी गेली, आणि सीव कशी होती ते आता कोणी सांगू शकत नाही. मी म्हटलं, मी पाहिली आहे ना सीव, माझ्या डोळ्यांनी, खडे असे विरळ विरळ होत गेले होते. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही पाहिली हे खरं. पण कशावरून?" मी फोन परत दिला.

कशावरून... माझ्या शब्दावर शब्द न ठेवणारं गाव तिथं कामाचं नव्हतं.

विद्यार्थी म्हणाला होता, खिळा तरी पाठवा. मी तिथंच, वर्षासमोर, पकड घेतली. मागचं टोक उघडायला लागलो तर बारीक चीर गेलेली दिसली. हे लोखंड तसं ठिसूळ, जोर लावला की तुटणार. खांब कापावा तर दुकान त्याच्यावर उभं. फाळाचं उतरलेलं पाणी मी आजवर हजार वेळा पुन्हा चढवून दिलं. याला पुन्हा चढवायचं तर एकेका अंशाला लाखभर वर्षं निवत ठेवावं लागेल. तेवढा विस्तव माझ्याकडे नाही, तेवढे दिवस तर नाहीतच. मी पकड खाली ठेवली.

हिवाळा लागतो आहे. धान उभं आहे, महिनाभरात कापून होईल, नाला उतरेल. पाहीन म्हटलं आहे, तर जांभळीखालचं वळण पाहावंच लागेल, तिथं काही नाही हे माहीत असताना. काशी म्हणते, मीही येते.

त्या दिवशी वर्षा जाताना मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि नेहमीच्या जागी, खिळ्याला अडकवायला गेलो. काठी एसटीत मावेना म्हणून तिनं चुंबक सोडून पिशवीतच टाकलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत ते कधी या खांबापाशी आलं नव्हतं. कापडाच्या आतून ते सरकलं आणि टक्कन जाऊन खिळ्याला चिकटलं.

मी सोडवलं नाही. तिथंच आहे.